नामकरण आणि जतन : वाइल्डवुडच्या मोटेलांचा एक भाषिक विचार

वास्तूंच्या जतनाचा विचार सामान्यतः स्थापत्य, इतिहास आणि कायदा या तीन शास्त्रांच्या कक्षेत केला जातो. भाषाशास्त्राला त्यात काही सांगावयाचे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि एखादी इमारत राखण्याजोगी आहे असे समाजाला वाटू लागण्यापूर्वी ती कोणत्या तरी जातिवाचक नावाखाली आणली जाते, आणि हे नाव बहुधा ती बांधणाऱ्यांनी दिलेले नसते. ते मागाहून येते. पुष्कळदा इतक्या उशिरा येते की, नाव रूढ होईपर्यंत नामी नष्ट होऊ लागलेला असतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील वाइल्डवुड या पर्यटननगरीची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे नामकरण, जतनाची चळवळ आणि विध्वंस या तिन्ही गोष्टी एका पिढीच्या आत घडल्या, आणि म्हणून त्यांचा परस्परसंबंध तपासून पाहणे शक्य होते.

न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे परगण्यात, फाइव्ह माइल बीच नावाचे एक अरुंद वाळूचे बेट आहे. नॉर्थ वाइल्डवुड, वाइल्डवुड आणि वाइल्डवुड क्रेस्ट ही त्यावरील प्रमुख गावे. त्यांना एकत्रितपणे ‘द वाइल्डवुड्स’ असे अनेकवचनी नाव असले तरी त्यांचा कारभार मात्र वेगवेगळा आहे. १९५०नंतरच्या दशकात गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग खुला झाला, मोटारगाड्या कामगारवर्गाच्या आवाक्यात आल्या, आणि फिलाडेल्फिया व आसपासच्या औद्योगिक नगरांतील कुटुंबे उन्हाळ्यातील एखादा आठवडा समुद्रावर घालविण्यासाठी येथे येऊ लागली. त्यांच्यासाठी पुढील पंधरा-वीस वर्षांत या बेटावर शेकडो मोटेले उभी राहिली. युद्धोत्तर काळातील विहारस्थळांच्या वास्तुशैलीचा इतका दाट समूह त्या देशात अन्यत्र क्वचितच आढळेल.

‘मोटेल’ हा शब्दच मुळी मोटारीचे अपत्य आहे. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे १९२५ साली आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने बांधलेल्या प्रवासी निवासाच्या नावात ‘मोटर’ आणि ‘हॉटेल’ या दोन शब्दांचा सांधा जुळवून ‘मो-टेल’ असे रूप योजिले होते. पहिल्या शब्दाचे शिर आणि दुसऱ्याचे शेपूट घेऊन केलेली ही घडण आपल्या समासपद्धतीत बसत नाही. (आपल्याकडे हा शब्द आला तो अर्थसंकोचासह आला. महामार्गावरील एस. टी. ज्या ‘मोटेला’पाशी थांबते, तेथे बहुधा जेवणच मिळते, मुक्काम नव्हे.) वाइल्डवुडच्या मोटेलात अर्थ आणि रचना यांचा मेळ मात्र तंतोतंत होता. दोन-तीन मजली, सपाट छपराची, इंग्रजी ‘एल्’ अथवा ‘यू’ अक्षराच्या आकाराची काँक्रीटच्या ठोकळ्यांची इमारत. मध्ये पोहण्याचा तलाव. खोल्यांपुढून जाणारे सलग सज्जे. आणि खोलीच्या दाराशी उभी केलेली मोटार. एवढ्यावर थांबले असते तर ही मोटेले कोणाच्या स्मरणातही राहिली नसती. परंतु हंगाम थोडा, मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा. आणि शेजारी शेकडो प्रतिस्पर्धी. रस्त्यावरून मंद गतीने जाणाऱ्या गाडीतील कुटुंबाला काही क्षणांत थांबविणे हाच व्यवसायाचा प्राण होता. म्हणून सज्ज्यांचे कठडे नागमोडी झाले, छपरांचे कोपरे पंखांसारखे वर उचलले गेले, भिंती कलत्या झाल्या, तलावांना चंद्रकोरीचे व बदामाचे आकार आले, आणि या साऱ्यावर निऑनच्या नळ्यांनी एक नाव लिहिले गेले.

या नावांचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. कारण मोटेलांचा खरा लेखसंग्रह तोच आहे. एब टाइड, कॅरिबियन, सॅटेलाइट, अ‍ॅस्ट्रोनॉट, सिंगापूर, रॉयल हवाईयन, कासा बहामा, शातो ब्लू, ईडन रॉक, जॉली रॉजर, लॉलीपॉप, पॅन अमेरिकन. प्रथमदर्शनी ही स्वैर यादी वाटते. पण तीत एक लक्षण सर्वत्र आढळते : यांपैकी जवळजवळ कोणतेही नाव वाइल्डवुडचा निर्देश करीत नाही. स्थलनामे सामान्यतः ‘येथे’ काय आहे ते सांगतात. वड असेल तेथे वडगाव होते, पिंपळ असेल तेथे पिंपळगाव. ही नावे मात्र ‘येथे’ काय नाही तेच सांगतात. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ताडमाड जगत नाहीत. तेव्हा कॅरिबियन मोटेलाने पूर्ण उंचीचे प्लॅस्टिकचे माड उभे केले आणि पुढे इतरांनीही त्याचे अनुकरण केले. सिंगापूर मोटेलावर पॅगोडाच्या धर्तीचे छप्पर होते. सिंगापुरात राहणाऱ्यास ते चमत्कारिक वाटले असते; पण त्याची समजूत पटविणे हा त्या छपराचा हेतूच नव्हता. क्रेस्टमधील एका मोटेलाचे नाव शालिमार आहे. काश्मीर व लाहोर येथील मोगल उद्यानांचे हे नाव अटलांटिकच्या किनाऱ्यावर कसे पोहोचले असावे, याचा तर्क करताना त्याच नावाचे एक फ्रेंच अत्तर १९२५पासून बाजारात होते, ही गोष्ट विसरता येत नाही. नामाचा प्रवास बागेकडून बाटलीकडे आणि बाटलीकडून पाटीकडे झाला असण्याचा संभव अधिक.

या नावांतून काळही स्पष्ट वाचता येतो. सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह ऑक्टोबर १९५७मध्ये सोडला. सॅटेलाइट मोटेल १९५८ साली उभे राहिले. हवाई बेटांना १९५९मध्ये अमेरिकेच्या घटकराज्याचा दर्जा मिळाला, आणि हवाईयन नावांना त्या काळी सर्वत्रच बहर आला. पॅन अमेरिकन हे नाव विमानकंपनीची आठवण जागी करते, आणि त्या मोटेलाच्या माथ्यावर फिरता गोल होता. विमानप्रवास ज्यांना परवडत नव्हता त्यांच्या मुक्कामाला विमानाचे नाव, आणि कॅरिबियन समुद्र ज्यांनी पाहिला नव्हता त्यांच्या तलावाला त्या समुद्राचे नाव, असा हा व्यवहार होता. कारखान्यातील कामगाराच्या कुटुंबाने १९६० साली कोणती स्वप्ने पाहिली, याची इतकी प्रामाणिक नोंद अन्य कोणत्या दप्तरात मिळेल असे वाटत नाही.

रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या ग्रंथात इमारतींचे दोन प्रकार कल्पिले आहेत. पहिल्यात इमारतीचा आकारच अर्थ सांगतो. बदके विकणारे दुकान बदकाच्याच आकाराचे असावे, तसा हा प्रकार. त्याला त्यांनी ‘बदक’ असेच म्हटले. दुसऱ्यात मूळ रचना साधी पेटीसारखी असून तिच्यावर लावलेली पाटी व अलंकरण अर्थ वाहते. ही ‘सजविलेली शेड’. वाइल्डवुडची मोटेले प्रायः दुसऱ्या प्रकारात पडतात. याचा भाषिक फलितार्थ महत्त्वाचा आहे. अशा इमारतीत नाव हे वास्तूवर मागाहून चिकटविलेले लेबल नसते. खांब वा तुळई यांप्रमाणे ते रचनेचा भाग असते. पाटी काढली की उरते ती काँक्रीटची पेटी. पेटी पाडली की उरते ती वाच्याविना वाचक बनलेली पाटी.

ही झाली विशेषनामे. या सर्वांना एका वर्गात आणणारे सामान्यनाम मात्र त्यांच्या बांधणीच्या काळी नव्हते. मोटेले बांधणारे मोरी बंधू मायामी बीच येथील हॉटेले पाहून आले आणि तेथील कल्पना त्यांनी लहान प्रमाणावर व अल्प खर्चात उतरविल्या. आपण एका ‘शैली’त बांधीत आहो, अशी त्यांची भावना असण्याचे कारण नव्हते. या धर्तीच्या वास्तूंना मिळालेल्या नावांपैकी सर्वांत जुने ‘गूगी’. लॉस एंजेलिस येथे जॉन लॉटनर या वास्तुविशारदाने १९४९ साली रचलेल्या ‘गूगीज’ या कॉफीगृहावरून डग्लस हॅस्केल या समीक्षकाने १९५२मध्ये ते उचलले, आणि उचलले ते उपहासाने. गॉथिक आणि बरोक ही नावेही प्रथम निंदाव्यंजकच होती, हे येथे आठवावे. पुढे १९८६ साली थॉमस हाइन यांनी ‘पॉप्युलक्स’ हा जोडशब्द आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच योजिला. दोन्ही नावे विद्वानांत राहिली. वाइल्डवुडच्या मोटेलांना चिकटले ते तिसरेच : ‘डू-वॉप’.

डू-वॉप हा मूळचा वास्तुकलेतील शब्दच नव्हे. अमेरिकेच्या पूर्वेकडील नगरांत कृष्णवर्णीय तरुणांच्या कंठसमूहांनी १९४०–५०च्या सुमारास जी गायनपद्धती विकसित केली, तीत मुख्य गायकामागे वाद्यांच्या जागी निरर्थक अक्षरांची साथ असे. तराण्यातील अक्षरे किंवा शाहिराच्या साथीदारांची ‘जी जी’ ज्यांच्या कानांत आहे, त्यांना या साथीचे कार्य निराळे समजावून देण्याची गरज नाही. त्या अक्षरांपैकीच एक जोडी म्हणजे ‘डू-वॉप’. संगीतप्रकाराचे नाव म्हणून हा शब्द शिकागो डिफेंडर या पत्रात १९६१ साली छापला गेला असे सांगतात. म्हणजे संगीतालाही ते नाव त्याच्या भरभराटीच्या उत्तरार्धातच मिळाले. आणि १९९०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शेजारच्या केप मे येथील मिड-अटलांटिक सेंटर फॉर द आर्ट्स या संस्थेने तेच नाव वाइल्डवुडच्या मोटेलांना लावले.

हा लक्षणेचा व्यापार आहे, हे काव्यशास्त्राच्या अभ्यासकाच्या तत्काळ ध्यानात येईल. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन. इमारत गात नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध उघड आहे. संबंध आहे तो समकालीनत्वाचा. तेच उन्हाळे, तीच तरुण पिढी, गाडीतील तेच रेडिओ. प्रश्न तिसऱ्या अटीचा. ‘गूगी’ ही रूढी झाली. ते कॉफीगृह १९८९ साली पाडले गेले आणि पुष्कळांना त्या शब्दामागे एखादे दुकान होते याची कल्पनाही नाही. ‘डू-वॉप’ मात्र निखालस प्रयोजनमूलक आहे. ‘गंगेवर गवळीवाडा’ या प्रसिद्ध उदाहरणात ‘गंगातीरी’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्याने शीतलता आणि पावित्र्य सूचित होते, असे शास्त्रकार सांगतात. येथेही ‘युद्धोत्तर व्यापारी वास्तुरचना’ न म्हणता ‘डू-वॉप’ म्हटल्याने तारुण्य, निष्पापपणा आणि सुटीचा उल्हास सूचित होतो. या व्यंग्यार्थासाठीच तो शब्द निवडला गेला.

नाव देणारी संस्था केप मे येथील असावी, हाही योगायोग नव्हे. केप मे हे व्हिक्टोरियन काळातील लाकडी घरांचे गाव. त्या घरांनाही एके काळी कोणी मानीत नव्हते. तेथील १८७९ सालचा फिझिक यांचा वाडा पाडला जाण्याच्या बेतात असता तो वाचविण्यासाठी १९७० साली ही संस्था स्थापन झाली, आणि १९७६मध्ये संपूर्ण गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. जुनाट या अर्थाने तुच्छतेने उच्चारले जाणारे एक विशेषण लोकांना हवेहवेसे कसे वाटू लागते, याचा अनुभव या संस्थेच्या गाठीशी होता. मायामी बीचचे उदाहरणही समोर होते. ‘आर्ट डेको’ हे नाव बेव्हिस हिलिअर यांच्या १९६८मधील ग्रंथाने सर्वतोमुखी केले. मायामी बीचचा त्या शैलीचा विभाग १९७९मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला. मुंबईत मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती १९३०–४०च्या काळात बांधल्या जात होत्या तेव्हाही हे नाव प्रचारात नव्हते. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश केला तो मात्र याच नावाने.

नाव मिळाल्यावर वाइल्डवुडमध्ये गोष्टी वेगाने घडल्या. १९९७ साली डू-वॉप प्रिझर्व्हेशन लीग ही संस्था निघाली. त्याच वर्षी आयझेनूर यांनी पेनसिल्व्हेनिया, येल आणि केंट स्टेट या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसमवेत या बेटाच्या अभ्यासाचा उपक्रम केला. २००१ साली त्यांचे निधन झाले. चळवळीचा एक आधार त्यामुळे गेला, आणि नेमक्या त्याच सुमारास जमिनीच्या किमती भडकल्या. मालकीच्या सदनिकांना मागणी वाढली. वर्षातून तीन-चार महिने चालणाऱ्या मोटेलाच्या उत्पन्नापेक्षा त्याखालील जमिनीचे मोल कितीतरी अधिक झाले. या शैलीचे आद्य उदाहरण मानले जाणारे, १९५७ साली बांधलेले एब टाइड २००३मध्ये पाडले गेले. सॅटेलाइट २००४मध्ये गेले. २००६ साली नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने वाइल्डवुडच्या मोटेलांचा देशातील अकरा अत्यंत संकटग्रस्त ऐतिहासिक स्थळांत समावेश केला, तोवर त्यांतील पुष्कळशी नाहीशी झालेली होती.

कायदा येथे आड का आला नाही? १९६६च्या कायद्याने अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही स्थापन केली. परंतु तीत नाव गेल्याने खाजगी मालकास आपली इमारत स्वतःच्या खर्चाने पाडण्यास प्रत्यवाय होत नाही. उलट मालकाची हरकत असल्यास नाव दाखलच होऊ शकत नाही. खरा प्रतिबंध स्थानिक नगरपालिकाच घालू शकते, आणि या बेटावर नगरपालिका एक नव्हे. नोंदीचा लाभ आहे तो मुख्यतः उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या मान्य पुनरुद्धारावर मिळणाऱ्या २० टक्के करसवलतीचा. मराठीतील ‘वारसा’ हा शब्द दिवाणी कायद्यातून आलेला असल्यामुळे त्यात मालकी गृहीतच आहे. वाइल्डवुडचा वारसा समाजाचा म्हणावा, तर मालमत्तापत्रकावर नाव दुसऱ्याचेच!

याहून सूक्ष्म अडचण वयाची होती. नोंदवहीच्या निकषानुसार सामान्यतः पन्नास वर्षे पूर्ण न झालेली वास्तू ‘ऐतिहासिक’ ठरत नाही. अपवादात्मक महत्त्व सिद्ध केले तरच सूट मिळते. म्हणजे ‘ऐतिहासिक’ या विशेषणाचा प्रयोग येथे कालमर्यादेने बद्ध आहे. एब टाइड आणि सॅटेलाइट ही दोन्ही पाडली गेली तेव्हा त्यांचे वय ४६ वर्षे होते. १९६२चे शातो ब्लू २००४मध्ये, तर १९५७चे कॅरिबियन २००५मध्ये नोंदले गेले. म्हणजे अनुक्रमे ४२ व ४८ व्या वर्षी, अपवादाच्या कलमाखालीच. चाळीस ते पन्नास हे इमारतीचे सर्वांत धोक्याचे वय म्हटले पाहिजे. नळ गळू लागलेले असतात, खाऱ्या हवेने लोखंड फुगलेले असते, ‘नवी’ हे विशेषण तिला कोणी लावीत नाही आणि ‘जुनी’ हे आदरार्थी विशेषण कायदा लावू देत नाही. अशा वयात इमारतीला आधार असतो तो एखाद्या चपखल नावाचाच. एरवी ओशाळवाणे वाटावे असे हे गाण्यातील नाव याच कारणाने क्षम्य, किंबहुना उपकारक ठरते.

मात्र नावाने जे दिले त्याची किंमतही घेतली. व्यंग्यार्थ जितका मोहक, तितका तो वस्तूवर उलटून तिला आपल्यासारखी बनवू पाहतो. २०००मध्ये उघडलेले स्टारलक्स हे हॉटेल याचा उत्तम दाखला. तेथील मूळचे साधे मोटेल मोरी कुटुंबाने कलत्या काचेच्या भिंती, उसळते छप्पर आणि झगझगीत रंग देऊन नव्याने घडविले. म्हणजे पूर्वी जे कधीच इतके ‘डू-वॉप’ नव्हते ते नावाबरहुकूम तसे झाले. संस्थेने काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेचे नाव ‘हाउ टु डू-वॉप’ असे आहे. वीस वर्षेही न झालेले हे नाम क्रियापद होऊन बसले, आणि त्याचा आज्ञार्थ नव्या दुकानांनाही लागू झाला. हे सारे चुकीचे नव्हे. निर्जीव काचपेटीपेक्षा असे चालते-बोलते अनुकरण वाइल्डवुडच्या प्रकृतीशी अधिक सुसंगत आहे, कारण तेथे अस्सल असे काही नव्हतेच. प्लॅस्टिकचा माड अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हा वाद व्यर्थ आहे. तोटा झाला तो निराळ्या ठिकाणी. नावाच्या उल्हासात न बसणारी, नागमोडी कठडा वा निऑनची पाटी नसलेली, पण त्याच काळी त्याच कुटुंबांसाठी बांधलेली साधी निवासस्थाने कोणाच्याच यादीत आली नाहीत. डू-वॉप नव्हे म्हणून ती जुनीही ठरली नाहीत.

पाडलेल्या मोटेलांच्या काही पाट्या स्थानिक लोकांनी सोडवून आणल्या. १९६०नंतरच्या दशकातील सर्फसाइड उपाहारगृहाची इमारत सुटी करून नव्या जागी पुन्हा उभारण्यात आली, आणि तीत डू-वॉप वस्तुसंग्रहालय थाटण्यात आले. तिच्या बाहेरच्या अंगणात या पाट्या लावल्या आहेत. खाली खोल्या नाहीत, तलाव नाही, गाडी उभी करण्यास जागा नाही. दिवेलागणीला नळ्या पेटतात आणि मोटेलांची नावे दिसू लागतात.